शुद्ध आणि उपयोजित गणित : एकाच मांडवाखाली

आमच्या वैजापूरच्या शिक्षक-खोलीत मध्यंतरी एका महाविद्यालयाचे पत्रक आले होते. 'शुद्ध व उपयोजित गणित' या विषयावर दोन दिवसांची परिषद भरणार असल्याचे त्यात कळवले होते. पत्रक हातोहात फिरले. मराठी शिकवणाऱ्या बाईंनी ते वाचून विचारले, "अहो सर, एक गणित शुद्ध, तर मग दुसरे काय अशुद्ध?" सगळे हसले. तेवढ्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पत्रक परत आमच्या हाती देत म्हटले, "प्राध्यापकांच्या परिषदा त्या! शाळामास्तरांचे तिथे काय काम?"

तास सुरू झाल्याची घंटा झाली आणि विषय तिथेच राहिला. प्रश्न मात्र आमच्या डोक्यातून गेले नाहीत. गणिताचे हे दोन भाग कुणी पाडले? पाडले, तर मग त्यांना पुन्हा एका मांडवाखाली आणण्याचा खटाटोप कशासाठी? आणि तिथे आपल्यासारख्या शिक्षकाला जागा आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे.

नावे आली कुठून?

प्रथम बाईंचा प्रश्न. 'शुद्ध' म्हणजे येथे 'निर्दोष' नव्हे, तर 'निर्भेळ', इतर कशाचीही भेसळ नसलेले. संख्या, आकृती, समीकरणे यांचा त्यांच्याच नियमांनी केलेला अभ्यास ते शुद्ध गणित. आणि ग्रहांची गती, पुलाचा भार, रोगाचा फैलाव अशा बाहेरच्या प्रश्नांसाठी वापरलेले ते उपयोजित गणित. ही जोडनावे युरोपात रूढ झाली ती मुख्यतः नियतकालिकांमुळे. फ्रान्समध्ये जर्गोन यांनी १८१० मध्ये जे गणिताचे मासिक काढले, त्याच्या नावातच 'शुद्ध व उपयोजित गणित' असे शब्द होते. १८२६ मध्ये बर्लिनमध्ये क्रेले यांनी आणि १८३६ मध्ये पॅरिसमध्ये ल्यूव्हिल यांनी काढलेल्या नियतकालिकांची नावेही तशीच होती. क्रेले हे पेशाने अभियंता. रस्ते आणि रेल्वे हा त्यांचा व्यवसाय होता. पण त्यांच्या नियतकालिकात हळूहळू इतके शुद्ध गणित छापले जाऊ लागले, की जर्मन गणिती त्याच्या नावातील अक्षरांशी खेळून त्याला 'शुद्ध अनुपयोजित गणिताचे नियतकालिक' म्हणू लागले!

म्हणजे एकाच मुखपृष्ठावर दोघांची नावे, आणि आत मात्र अंतर वाढत चाललेले. म्हणूनच १८९७ मध्ये झुरिच येथे गणितज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा आंरी प्वांकारे यांनी आपल्या निबंधासाठी विषय निवडला तो शुद्ध विश्लेषण आणि गणिती भौतिकी यांच्या परस्परसंबंधांचा. परिषदांच्या इतिहासात हा विषय पहिल्या दिवसापासून आहे.

डोंगरापलीकडचा मठ

आपल्याकडे ही विभागणी या रूपात नव्हती. वैजापूरच्या उत्तरेला डोंगररांग ओलांडली की चाळीसगाव लागते आणि तेथून जवळच पाटण हे गाव आहे. तेथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. इ. स. १२०७ च्या त्या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. निकुंभ घराण्यातील राजाने त्यासाठी दान दिले होते.

त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथाकडे जरा शिक्षकाच्या नजरेने पाहू. 'लीलावती' या भागात व्याज, धान्याच्या राशी, लाकडाची करवतकाम-मजुरी, शंकूची सावली अशी रोजच्या व्यवहाराची उदाहरणे आहेत. 'बीजगणित' या भागात मात्र असा एक प्रश्न येतो : कोणत्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून १ मिळवला, की पुन्हा वर्गसंख्याच मिळेल? या प्रश्नाला बाजारात गिऱ्हाईक नाही. चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्यांनी काढलेले उत्तर आहे २२,६१,५३,९८०. या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. हाच प्रश्न फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींपुढे आव्हान म्हणून ठेवला, तो भास्कराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी. ग्रंथाच्या उरलेल्या दोन भागांत ग्रहगणित आणि गोल हे विषय आहेत. धान्याची रास, ६१ चे कोडे आणि ग्रहणाचा काळ एकाच ग्रंथात, एकाच गुरूकडे शिकायचे. यापेक्षा वेगळा 'समन्वय' आजच्या परिषदांनाही साधायचा नसतो.

डेप्युटी कलेक्टरांचा क्लब

आता आधुनिक काळात येऊ. भारतातील गणितज्ञांची सर्वांत जुनी संघटना म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. ती एखाद्या विद्यापीठाने स्थापन केली असावी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९०७ मध्ये तिची सुरुवात केली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी, आजच्या आंध्र प्रदेशातील गुत्ती येथून. आरंभी तिचे नाव 'अ‍ॅनालिटिक क्लब' होते. त्या काळी परदेशी नियतकालिके व ग्रंथ महाग, आणि एकेकट्याला परवडणे अशक्य. तेव्हा सर्वांनी वर्गणी काढावी, ग्रंथ एकत्र मागवावे आणि आळीपाळीने वाचावे, अशी साधी कल्पना होती.

या ग्रंथालयाला घर मिळाले ते पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रँग्लर र. पु. परांजपे, तेथे प्राचार्य होते. सुरुवातीच्या काळात तेथून पुस्तके आणि नियतकालिके टपालाने सभासदांकडे जात. आडगावी राहणारा सभासद पार्सल सोडून ताजा अंक वाचतो आणि पुन्हा बांधून परत पाठवतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. परिषद भरण्याआधी तिचा पाया टपाल खात्याने घातला होता, असेच म्हणावे लागेल.

१९१० मध्ये तालुका कचेरीत कारकुनी मिळावी म्हणून एक तरुण रामस्वामी अय्यरांना भेटला. त्याच्या वह्या पाहून त्यांनी त्याला कारकुनीत अडकवले नाही. मद्रासच्या गणितप्रेमी मंडळींकडे पाठवले. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये याच संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. संस्थेची पहिली परिषद १९१६ मध्ये मद्रासला आणि पुढची १९१९ मध्ये मुंबईला भरली. १९३३ पासून संस्थेने 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' हे दुसरे नियतकालिकही सुरू केले.

सहकाऱ्यांच्या शंकेचे अर्धे उत्तर येथे मिळते. या परिषदांचा मांडव ज्याने घातला तो प्राध्यापक नव्हता, महसूल खात्यातला अधिकारी होता.

नाणी, जनुके आणि फलनांचा अवकाश

फर्ग्युसनमध्येच १९३३ पासून १९४५ पर्यंत दामोदर धर्मानंद कोसंबी गणित शिकवत होते. त्यांचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. शिक्षण हार्वर्डला झालेले. इतिहासकार म्हणून ते आपल्याला अधिक परिचित आहेत. पण 'शुद्ध' आणि 'उपयोजित' यांच्यामधली भिंत किती पातळ असते हे पाहायचे, तर त्यांच्या गणिताकडे वळावे.

मूळचा त्यांचा विषय भूमितीतला, अगदी शुद्ध म्हणावा असा. पण संख्याशास्त्राकडे वळल्यावर त्यांनी तक्षशिलेच्या चांदीच्या आहत नाण्यांची वजने तपासली. नाणे जितके अधिक काळ चलनात फिरते तितके झिजते. त्यामुळे एकाच तऱ्हेच्या नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर घटत जाते आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढत जातो. यावरून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, हे सांगता येते. तर्काची खात्री करण्यासाठी त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तराजूत घातली.

१९४३ मध्ये त्यांचा 'फलन-अवकाशातील संख्याशास्त्र' या आशयाचा निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. विचार असा. समजा, वर्षातील प्रत्येक दिवसाच्या तापमानाचा आलेख काढला. असे ३६५ वक्र झाले. प्रत्येक वक्र वेगळा, पण सर्वांत काही समान घडण असते. मग थोडेसे मूलभूत वक्र असे निवडता येतील का, की बाकीचे सर्व वक्र त्यांच्या कमी-अधिक मिश्रणाने तयार व्हावेत? आणि मिश्रणातील प्रमाणे परस्परांशी निगडित नसावीत? फलनांच्या अवकाशासारखी अमूर्त कल्पना येथे मोजमापाच्या कामाला लावली आहे. काही वर्षांनी कारुनेन व लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट मांडली आणि पद्धतीला त्यांची नावे मिळाली. आता काही लेखक त्यांच्या जोडीने कोसंबींचेही नाव घेतात. संगणकात चित्रे कमी जागेत साठवणे, चेहरे ओळखणे, या कामांत या पद्धतीचे आणि तिच्या भावंडांचे मोठे साहाय्य झाले आहे.

कोसंबींचे दुसरे काम वर्गात सांगण्याजोगे आहे. गुणसूत्रावर जनुके ओळीने असतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट होण्याचे, म्हणजे पुनर्संयोजनाचे, प्रमाण जास्त. या प्रमाणावरून जनुकांमधले अंतर काढायचे असते. अडचण अशी, की ही प्रमाणे सरळ मिळवता येत नाहीत. कितीही दूर गेले तरी ताटातुटीचे प्रमाण निम्म्याच्या, म्हणजे ०.५ च्या वर जात नाही. कारण दोनदा अदलाबदल झाली की जनुके पुन्हा एकत्र येतात. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी होण्यास अडथळा येतो. १९४४ मध्ये कोसंबींनी यासाठी सूत्र दिले. ओळीने असलेल्या तीन जनुकांपैकी पहिल्या दोहोंतील प्रमाण 'म' आणि पुढच्या दोहोंतील 'न' असेल, तर टोकाच्या दोन जनुकांतील प्रमाण

(म + न) ÷ (१ + ४ × म × न)

इतके येते. म आणि न दोन्ही ०.२ धरा. सरळ बेरीज ०.४ येईल. सूत्राने ०.४ भागिले १.१६, म्हणजे सुमारे ०.३४५ येते. म ची किंमत ०.५ धरली, तर न काहीही असो, उत्तर ०.५ च येते. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे.

भौतिकी शिकवणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. म आणि न यांची दुप्पट करून सूत्र पुन्हा लिहिले, तर ते आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तातील वेगांच्या बेरजेच्या सूत्राशी तंतोतंत जुळते! तेथे कितीही वेग मिळवले तरी प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ओलांडता येत नाही. येथे निम्म्याची मर्यादा ओलांडता येत नाही. प्रकाशकिरणाचा आणि गुणसूत्राचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण 'मर्यादेच्या आत राहणारी बेरीज' कशी दिसते, हे गणित एकदाच सांगते आणि दोघांनाही ते लागू पडते. शुद्ध गणिताचा उपयोग म्हणतात तो हा. भात, मका, कापूस यांचे जनुकीय नकाशे काढताना कोसंबींचे सूत्र आजही वापरले जाते. आमच्या तालुक्यात कापसाची शेते आहेत. त्यांच्या बांधावर उभे राहून हे सूत्र सांगितले तर ते परके वाटणार नाही.

येथे हार्डी यांची आठवण येते. रामानुजन यांना केंब्रिजला नेणारे हे गणितज्ञ शुद्ध गणिताचे कडवे अभिमानी. आपल्या हातून काहीही 'उपयुक्त' घडले नाही, असे त्यांनी १९४० मध्ये लिहिले. पण त्याआधी, १९०८ मध्ये, जीवशास्त्रज्ञ पनेट या मित्राच्या शंकेवरून त्यांनी एक छोटे पत्र प्रसिद्ध केले होते. प्रभावी जनुक पिढ्यान्‌पिढ्या वाढतच का जात नाही, हा प्रश्न. उत्तरात अ आणि ब यांच्या बेरजेच्या वर्गाचा शाळेतला विस्तार होता : अ वर्ग, अधिक २अब, अधिक ब वर्ग. बारावीच्या जीवशास्त्रात तो आज 'हार्डी-वाइनबर्ग तत्त्व' म्हणून शिकवला जातो. हार्डी आणि पनेट क्रिकेटच्या निमित्ताने एकमेकांना ओळखत. ओळख नसती, तर हा प्रश्न त्या दारी कदाचित पोहोचलाच नसता.

देवळालीचे मास्तर मद्रासला

आता सहकाऱ्यांच्या शंकेचे उरलेले अर्धे उत्तर. वैजापूरजवळच्या रोटेगाव स्टेशनवरून पश्चिमेला निघाले की मनमाड, मग नाशिक रोड आणि पुढे देवळाली लागते. तेथे १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळेत शिकवत होते. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर फर्ग्युसनचेच विद्यार्थी. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण झाले नव्हते. संख्यांशी खेळणे हाच छंद. पुस्तिका छापायच्या त्या पदरमोड करून. गणिताच्या परिषदांना मात्र ते जात असत.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येची करामत जाहीर केली. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेथेच थांबते. त्या परिषदेचे वर्षच घेऊन पाहू :

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

योगायोगाने १९४९ ला पुऱ्या सात पायऱ्या लागतात. पुढे ७६४१ वजा १४६७ केले की पुन्हा ६१७४.

अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटले. पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ मध्ये ते वारले.

याचा उपयोग काय? प्रामाणिकपणे सांगावे : ६१७४ ने पूल बांधला नाही की पीक वाढवले नाही. शुद्ध गणिताची प्रत्येक गोष्ट पुढे-मागे उपयोगी ठरतेच, असे विद्यार्थ्यांना सांगणे खोटे होईल. पण तीच क्रिया पुन्हा पुन्हा करत एका स्थिर उत्तरापाशी पोहोचायचे, ही कल्पना पाहा. २ चे वर्गमूळ काढायचे आहे. १ पासून सुरुवात करा. हातातल्या संख्येने २ ला भागा आणि हाती असलेली संख्या व भागाकार यांची सरासरी घ्या. १.५ येते, मग १.४१६७, मग १.४१४२. येथेही उत्तर एका जागी स्थिरावते, आणि अभियंत्याच्या संगणकातली कितीतरी समीकरणे अशाच पुनरावृत्तीने सुटतात. ६१७४ चा खेळ खेळलेल्या मुलाला 'स्थिर बिंदू' ही कल्पना परकी वाटत नाही. शिक्षकाला तेवढा उपयोग पुष्कळ आहे.

मांडव कशासाठी?

रोटेगावहून त्याच लोहमार्गाने उलट दिशेला, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी करत गेले की सिकंदराबाद येते. त्याला लागूनच हैदराबाद. १९४८ पर्यंत आमचा तालुका हैदराबाद संस्थानातच होता. १८९७ मध्ये झुरिचला सुरू झालेली गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद २०१० च्या ऑगस्टमध्ये भारतात प्रथमच भरली, ती हैदराबादला. गणिताच्या उपयोजनांसाठी दिले जाणारे गाउस पारितोषिक तेथे ईव्ह मेयर यांना मिळाले. मेयर यांनी संख्याशास्त्र नव्हे, तर संख्यासिद्धान्त आणि तरंगिकांचा सिद्धान्त अशा दोन्ही क्षेत्रांत काम केले होते. गुंतागुंतीचा संदेश लहान तरंगांच्या मिश्रणात मांडायचा, ही त्यांची वाट कोसंबींच्या विचारापासून फार दूरची नाही.

या सर्व इतिहासातून आम्हांला एक गोष्ट दिसते. शुद्ध आणि उपयोजित गणित जोडले जाते ते ठरावांनी नव्हे. ज्याच्याजवळ प्रश्न आहे आणि ज्याच्याजवळ पद्धत आहे अशी दोन माणसे भेटल्याने. भेट कधी क्रिकेटच्या मैदानावर होते, कधी टपालाने फिरणाऱ्या अंकात होते, कधी परिषदेच्या चहाच्या वेळी. कोसंबींसारख्या एखाद्याच माणसात दोन्ही बाजू एकत्र नांदतात. बाकीच्यांना मांडव लागतो.

तो मांडव शाळेतही घालता येईल. आमच्या मनात असे आहे, की गणित दिनी, २२ डिसेंबरला, नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची अर्ध्या दिवसाची परिषद भरवावी. काहींनी घरातून, शेतातून, दुकानातून एक मोजमापाचा प्रश्न आणावा : विहिरीतल्या पाण्याचा, कांद्याच्या चाळीचा, बचतगटाच्या व्याजाचा. काहींनी ६१७४ सारखा निव्वळ आवडीचा प्रश्न आणावा. प्रत्येकाने फळ्यापाशी पाच मिनिटे बोलावे आणि इतरांनी विचारावे. दोन्ही तऱ्हेच्या प्रश्नांना सारखाच वेळ द्यावा, एवढा एकच नियम.

आणि ते पत्रक? प्रतिनिधींच्या अर्जात 'पद' या रकान्यात आम्ही 'माध्यमिक शिक्षक' असे लिहिले आहे. बाईंनी विचारले, "जाताय तर मग?" जाणार आहोत. कापरेकर मास्तर देवळालीहून मद्रासला गेले होते. आम्हांला तर तेवढेही लांब जायचे नाही.